ग्राफीनचा लेप आणि धातूची बॅटरी : गोव्यातल्या वाचनालयांत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी फोंड्याजवळच्या एका उच्च माध्यमिक विद्यालयात रसायनशास्त्र शिकवतो. गावच्या वाचनालयात बॅटरीवर बोलायला गेलो की भाषण अर्ध्या तासात संपतं आणि प्रश्न दीड तास चालतात. विजेची स्कूटर घ्यायच्या विचारात असलेले, पावसात लाईट गेली की इन्व्हर्टरवर दुकान चालवणारे, होडीवाले, बारावीची मुलं, सगळेच विचारतात. धातूची बॅटरी आणि तिला द्यायचा ग्राफीनचा, म्हणजे कार्बनच्या अतिपातळ थराचा, लेप यांबद्दल पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे घेतले आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण गाभा तिथे आहे.

धातूची बॅटरी म्हणजे काय? मोबाईलमधली बॅटरी धातूचीच ना?

नाही. मोबाईलमध्ये असते ती लिथियम-आयन बॅटरी. तिच्या ॲनोडमध्ये, म्हणजे ऋण टोकाला, ग्राफाइट असतं, पेन्सिलीतलं शिसं असतं तेच. चार्ज करताना लिथियमचे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले अणू, ग्राफाइटच्या थरांमध्ये जाऊन बसतात, कपाटाच्या फळ्यांवर पुस्तकं ठेवावीत तसे. एका लिथियम अणूला जागा द्यायला कार्बनचे सहा अणू लागतात. म्हणजे पुस्तकांपेक्षा कपाटाचंच वजन जास्त, आणि ते आपण खिशात घालून फिरतो.

धातूच्या बॅटरीत हे कपाटच नसतं. ऋण टोकाला थेट लिथियमचा, किंवा जस्ताचा, पातळ पत्रा असतो. एक ग्रॅम ग्राफाइट जास्तीत जास्त ३७२ मिलिअँपिअर-तास विद्युतभार साठवू शकतं, एक ग्रॅम लिथियम धातू ३८६०. दहापटीहून जास्त. पण म्हणून स्कूटर दहापट धावेल असं समजू नका. बॅटरीत कॅथोड (धन टोक), द्रव, तांब्या-ॲल्युमिनियमचे पत्रे, वरचं कवच असं बरंच काही असतं आणि त्यांचं वजन कमी होत नाही. आजच्या चांगल्या लिथियम-आयन सेलमध्ये किलोमागे २५० ते ३०० वॅट-तास ऊर्जा मावते. अमेरिकेत लिथियम धातूवर चाललेल्या ‘बॅटरी५००’ या संशोधन-प्रकल्पाचं ध्येय त्याच्या नावातच आहे : किलोमागे ५०० वॅट-तास.

धातूच्या बॅटऱ्या तुमच्या घरात आहेतच. गाडीच्या रिमोटमधल्या, नाण्यासारख्या चपट्या सेलमध्ये लिथियम धातू असतो. विजेरीच्या साध्या सेलचं डबडं जस्ताचं असतं. पण हे सेल एकदाच वापरायचे. धातूची बॅटरी पुन्हा पुन्हा चार्ज करायला गेलं की मगच खरी अडचण उभी राहते. (हे नाणे-सेल लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका. गिळला गेला तर काही तासांत अन्ननलिकेला गंभीर इजा होते. विषय वेगळा आहे, पण हे सांगितल्याशिवाय मी पुढे जात नाही.)

चार्ज करताना नेमकं काय बिघडतं?

सगळा विषय या एका प्रश्नाभोवती फिरतो.

धातूची बॅटरी वापरताना ॲनोडचा धातू विरघळतो आणि त्याचे आयन पलीकडे जातात. चार्ज करताना ते परत येऊन पत्र्यावर धातू म्हणून बसतात. दागिन्याला मुलामा चढवतात तसंच हे. सोनाराला मुलामा एकसारखा हवा असतो, बॅटरीलाही तसाच हवा. पण धातू एकसारखा बसत नाही. पत्र्यावर कुठेतरी सूक्ष्म उंचवटा असतो. टोकाशी विद्युतक्षेत्र जास्त तीव्र असतं, म्हणून आयन तिकडे जास्त ओढले जातात. उंचवटा वाढतो, वाढला की आणखी आयन ओढतो. असं करत धातूच्या सुया, फांद्या, शेवाळासारखे झुबके उगवतात. त्यांना डेंड्राइट म्हणतात.

माझ्या आजोळी खाजन शेती होती. खाडीचं खारं पाणी अडवणारा बांध, बांधाला मानस, म्हणजे पाणी सोडायची मोरी, आणि मानशीच्या दारातून भरती-ओहोटीचं पाणी हिशेबाने आत-बाहेर. बॅटरीतला सेपरेटर, म्हणजे दोन टोकांमधला पातळ पडदा, मला त्या बांधासारखा वाटतो. त्याची सूक्ष्म छिद्रं आयनांना ये-जा करू देतात, पण दोन्ही बाजूंच्या पदार्थांना एकमेकांना भिडू देत नाहीत. आजोबांना पुराइतकीच धास्ती कुर्ल्यांची, म्हणजे खेकड्यांची, असायची. कुर्ली बांधात अंगठ्याएवढं बीळ करते, भरतीचं पाणी त्यात घुसतं, बीळ रुंदावतं, आणि एका रात्रीत बांध फुटून शेतात खारं पाणी पसरतं. डेंड्राइटचं काम हेच. सेपरेटरची जाडी १० ते २५ मायक्रोमीटर, म्हणजे डोक्यावरच्या केसापेक्षाही कमी. एक सुई आरपार जाऊन पलीकडच्या कॅथोडला टेकली की आतल्या आत शॉर्ट सर्किट, आणि मग उष्णता.

दुसरं नुकसान हळू होतं, म्हणून त्याच्याबद्दल कोणी बोलत नाही. लिथियम अतिशय क्रियाशील आहे. त्याचा ताजा पृष्ठभाग उघडा पडला की तो शेजारच्या द्रवाशी अभिक्रिया करतो आणि त्याच्यावर एक साय धरते. ही साय एका अर्थी उपकारक, कारण ती पुढची झीज थांबवते. पण धातू वर-खाली होत राहिला की साय फाटते, पुन्हा धरते, पुन्हा फाटते. प्रत्येक वेळी थोडं लिथियम आणि थोडा द्रव खर्ची पडतो. काही सुया मुळापासून तुटतात आणि त्यांचा विजेशी संबंध सुटतो. त्यांना ‘मृत लिथियम’ म्हणतात. ते आत असतं, पण कामाचं नसतं.

मग इतकी वर्षं शास्त्रज्ञांनी काय केलं?

खरं तर सुरुवात धातूनेच झाली. स्टॅन्ली व्हिटिंगहॅम यांनी १९७०च्या दशकात, एक्सॉन कंपनीत असताना, लिथियम धातू आणि टायटॅनियम डायसल्फाइड यांची पुन्हा चार्ज होणारी बॅटरी केली. पुढे कॅनडातल्या मोली एनर्जी या कंपनीने लिथियम धातूच्या बॅटऱ्या बाजारात आणल्या, पण १९८९ मध्ये जपानमध्ये फोनमधल्या बॅटऱ्या पेटल्याने त्या परत मागवाव्या लागल्या. त्यानंतर उद्योगाने सावध वाट धरली. १९९१ मध्ये सोनीने कार्बनच्या ॲनोडची लिथियम-आयन बॅटरी विक्रीला काढली आणि तीच आजवर चालली. व्हिटिंगहॅम, जॉन गुडइनफ आणि अकिरा योशिनो यांना २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं ते याच प्रवासासाठी. आता बॅटरीतून आणखी ऊर्जा हवी म्हणून सगळे पुन्हा धातूकडे वळले आहेत.

ग्राफीन म्हणजे काय?

ग्राफाइटचा एकच थर. कार्बनचे अणू षटकोनी जाळीत, मधमाश्यांच्या पोळ्यासारखे, आणि जाडी एका अणूची. ग्राफाइटच्या एक मिलिमीटरमध्ये असे सुमारे तीस लाख थर असतात. मँचेस्टर विद्यापीठात आंद्रे गाइम आणि कॉन्स्टंटिन नोव्होसेलोव्ह यांनी साध्या चिकटपट्टीने ग्राफाइट सोलत सोलत एक थर वेगळा केला. तो शोधनिबंध २००४ चा, आणि २०१० मध्ये त्यांना भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. ग्राफीन वीज आणि उष्णता उत्तम वाहून नेतं, ताणाला टिकतं, वाकतं, आणि एक ग्रॅम ग्राफीनचा पृष्ठभाग हिशेबाने २६३० चौरस मीटर भरतो.

बॅटरीत मात्र ‘ग्राफीन’ या नावाखाली निरनिराळी भावंडं येतात. शुद्ध एकथरी ग्राफीन, काही थरांचे कपचे, ऑक्सिजन जोडलेलं ग्राफीन ऑक्साइड, आणि त्यातला बराचसा ऑक्सिजन काढून टाकलेलं क्षपित ग्राफीन ऑक्साइड. त्यांचे गुण सारखे नाहीत. ग्राफीन वीज वाहतं, ग्राफीन ऑक्साइड जवळपास वाहत नाही. पुढच्या उत्तरांत हा फरक उपयोगी पडेल.

लेप कशाला लावतात आणि त्याने काय होतं?

तांब्या-पितळेच्या भांड्याला कल्हई लावतात ते आठवा. कथलाचा थर केवढा पातळ, पण त्याच्यामुळे आंबट आमटीचा पितळेशी संबंध येत नाही. भांडं तेच राहतं, बदलतो तो पृष्ठभाग. ग्राफीनचा लेप हा असाच पृष्ठभाग बदलण्याचा उद्योग आहे. तो तीन-चार जागी लावतात आणि प्रत्येक जागी त्याचं काम वेगळं.

पहिली जागा म्हणजे ज्यावर धातू बसतो तो तांब्याचा पत्रा. उघड्या तांब्यावर लिथियम सहज बसत नाही. अळवाच्या पानावर पाण्याचे थेंब गोळा होतात, तसे त्याचे तुरळक ठिपके जमतात आणि त्या ठिपक्यांच्याच पुढे सुया होतात. ग्राफीनच्या जाळीत नायट्रोजनचे अणू गुंफले, किंवा थोडा ऑक्सिजन शिल्लक ठेवला, की लिथियमला बसायला असंख्य जागा मिळतात. चार ठिपक्यांऐवजी लाखभर ठिपके, म्हणून थर सपाट. शिवाय लेपाचा पृष्ठभाग मोठा असल्याने विजेचा प्रवाह पसरतो. एका बिंदूवर गर्दी होत नाही.

दुसरी जागा म्हणजे धातूसाठी घर. इथे ग्राफीन नुसता लेप राहत नाही, चौकट होतं. स्टॅन्फर्डमध्ये यी क्वी यांच्या गटाने २०१६ मध्ये ग्राफीन ऑक्साइडचा पातळ पापुद्रा वितळलेल्या लिथियमला टेकवला. ठिणगी पडून थर सुटे झाले, निखाऱ्यावर पापड फुलावा तसे, आणि नंतर त्या फटींत वितळलेलं लिथियम आपोआप शोषलं गेलं. नुसतं लिथियम चार्ज-डिस्चार्जमध्ये अख्खं येतं-जातं, म्हणजे त्याच्या आकारमानातल्या बदलाला मर्यादाच नसते. या चौकटीत तो बदल साधारण २० टक्क्यांवर आला. वरची साय का फाटते ते मघाशी सांगितलं. घर हलेनासं झालं की सायही कमी फाटते. मला सगळ्या प्रयोगांत हा सर्वांत सुंदर वाटतो, कारण तो डेंड्राइटशी झुंजत नाही, मुळातल्या हालचालीलाच आवर घालतो.

तिसरी जागा सेपरेटरची. इलिनॉय विद्यापीठाच्या शिकागो शाखेत २०१८ मध्ये काचतंतूंच्या सेपरेटरवर ग्राफीन ऑक्साइडचे कपचे फवारले गेले. कपच्यांच्या थरातून वाट काढताना आयनांची गर्दी विखुरते आणि पलीकडे ते एकसारखे पोहोचतात. मानशीचं दार एकदम उघडलं तर पाणी एका बाजूची माती खणून नेतं, आणि दाराला फळ्या लावून सोडलं तर शांत पसरतं. तोच न्याय.

चौथी जागा कॅथोडची. २०१७ मध्ये सॅमसंगच्या संशोधकांनी ‘ग्राफीन बॉल’ नावाचे कण निकेलच्या कॅथोडवर चढवून बॅटरी जलद चार्ज करून दाखवली. ते काम लिथियम-आयनचं, धातूचं नव्हे. वर्तमानपत्रांत दोन्ही एकाच मथळ्याखाली छापलं जातं म्हणून इथे वेगळं केलं.

ग्राफीनमधून हवासुद्धा जात नाही म्हणतात. मग आयन पार कसे होतात?

हा प्रश्न साखळी शहरात एका अकरावीच्या मुलीने विचारला आणि मला फार आवडला. निर्दोष ग्राफीनमधून हेलियमचा अणूही जात नाही हे २००८ मध्ये प्रयोगाने दाखवलं गेलं आहे. बॅटरीतला लेप मात्र निर्दोष नसतो आणि तो तसा नकोच असतो. जाळीत काही अणू गळालेले असतात, कपच्यांच्या कडा असतात, कपच्या-कपच्यांत फटी असतात. आयन त्या वाटांनी जातात. वाटा फार कमी झाल्या तर बॅटरी मंद चार्ज होते, फार जास्त झाल्या तर लेप असून नसल्यासारखा. दोष किती ठेवायचे हेच इथलं कसब.

ग्राफीन वीज वाहतं. ते सेपरेटरला लावलं तर शॉर्ट नाही होणार?

दोन्ही बाजूंना भिडलं तर नक्कीच होईल. म्हणून लेप एकाच अंगाला लावतात आणि मधला प्लॅस्टिकचा किंवा काचतंतूंचा थर शाबूत राहतो. शिवाय सेपरेटरसाठी बहुतेक वेळा ग्राफीन ऑक्साइड निवडतात, आणि ते जवळपास विद्युतरोधकच असतं.

जस्ताच्या बॅटरीवरही ग्राफीन लावतात असं वाचलं. त्यात विशेष काय?

या विषयात माझा जीव सर्वांत जास्त गुंततो तो इथे.

जस्त हा बॅटरीचा सर्वांत जुना धातू. व्होल्टाने १८०० साली जगाला सांगितलेल्या विद्युतघटात जस्तच होतं, आणि मधे मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या चकत्या. आपल्या देशाचं जस्ताशी नातं त्याहून जुनं. राजस्थानात जावर इथे मध्ययुगातच जस्ताचं ऊर्ध्वपातन मोठ्या प्रमाणावर होत होतं. जस्ताची बॅटरी पाण्यातल्या क्षारांवर चालू शकते. लिथियम बॅटरीतला द्रव पेट घेणारा, पाणी पेटत नाही. एवढा एक फरक घरासाठी फार मोठा आहे.

अडचण तीच. जस्ताचे स्फटिक चपट्या षटकोनी पत्र्यांसारखे असतात, आणि साध्या पोलादी पत्र्यावर ते उभे-आडवे कसेही बसतात. उभे राहिलेले पुढे सेपरेटरला भोकं पाडतात. कॉर्नेल विद्यापीठात लिंडन आर्चर यांच्या गटाने २०१९ मध्ये पोलादावर ग्राफीनचा लेप दिला. ग्राफीनची जाळी षटकोनी आणि जस्ताच्या स्फटिकाचं सपाट अंगही षटकोनी. जाळीतली नक्षी ज्या अंतराने पुन्हा येते ते अंतर ग्राफीनमध्ये ०.२४६ नॅनोमीटर, जस्तात ०.२६६, म्हणजे जवळपास जुळणारं. मग जस्ताचा पहिला थर ग्राफीनवर पाठ टेकून आडवा बसतो आणि दुसरा त्याच्यावर तसाच.

आमच्याकडे चिऱ्यांची भिंत बांधताना गवंडी सर्वांत जास्त वेळ पहिल्या रांगेवर घालवतो. दोरी लावतो, पाणसळ बघतो, चिरा चारदा उचलून ठेवतो. ती रांग बसली की वरच्या रांगा भराभर चढतात, आणि ती चुकली तर ओळंबा लावूनही भिंत सरळ होत नाही. ग्राफीन इथे पहिली रांग बसवून देतं. असा ॲनोड हजारो वेळा चार्ज-डिस्चार्ज होऊनही टिकला.

लिथियमला मात्र ही युक्ती जशीच्या तशी लागू पडत नाही. लिथियमचा स्फटिक घनाकृती जाळीचा, षटकोनी नव्हे. त्यामुळे लिथियमसाठी ग्राफीन बसायच्या जागा वाढवतं, घर देतं, प्रवाह पसरवतं, पण रांग जुळवून देत नाही. ‘ग्राफीनने बॅटरी सुधारते’ असं कोणी म्हटलं की मी आधी विचारतो, कोणत्या धातूची आणि कोणत्या मार्गाने.

जस्ताच्या उणिवा सांगायला हव्यात. पाण्यावर चालणाऱ्या सेलचं व्होल्टेज कमी, कारण ते फार वाढवलं की पाणीच फुटून हायड्रोजन सुटतो. एक ग्रॅम जस्त सुमारे ८२० मिलिअँपिअर-तास देतं, लिथियमच्या जवळपास एक-पंचमांश. वजन जास्त. स्कूटरला ते जड जाईल. पण घराच्या मागच्या पडवीत, छतावरच्या सौर पॅनेलची वीज रात्रीसाठी साठवणाऱ्या पेटीचं वजन कोण मोजतं? माझं स्पष्ट मत आहे की गोव्यातल्या घरांना, दवाखान्यांना आणि पंचायतींना लिथियम धातूपेक्षा जस्ताच्या या संशोधनाचा उपयोग आधी होईल, आणि व्हायला हवा.

लेपाने आयुष्य किती वाढतं? एक आकडा सांगा.

एकच आकडा सांगणारा माणूस काहीतरी विकत असतो. पण हिशेब कसा करायचा ते सांगतो.

प्रत्येक चार्जमध्ये जेवढा धातू गेला त्यातला किती परत आला, याला कूलंब कार्यक्षमता म्हणतात. ९९ टक्के ऐकायला भरपूर वाटतं. पण शंभरातले ९९ दर वेळी परत आले, तर शंभर चार्जनंतर हाती उरतात सुमारे ३७. तेच ९९.९ टक्के असेल तर शंभर चार्जनंतर सुमारे ९० उरतात आणि हजार चार्जनंतर ३७. हजार चार्जनंतरही ९० राहायचे तर ९९.९९ टक्के हवेत. सगळी लढाई दशांशचिन्हाच्या उजवीकडची आहे. लेपाने ९८ चे ९९ झाले अशी बातमी आली तर ती प्रगती खरी, पण तुमच्या स्कूटरपासून ती अजून लांब आहे.

आणखी एक गोष्ट. प्रयोगशाळेत चाचणी होते ती बहुधा बटणाएवढ्या सेलवर, त्यात द्रव भरपूर आणि लिथियमही गरजेपेक्षा कितीतरी जास्त. वाया गेलेलं भरून निघतं, म्हणून आयुष्य लांब दिसतं. विक्रीच्या सेलमध्ये द्रव मोजून-मापून असतो. बारावीनंतर संशोधनाकडे वळणाऱ्या मुलांना मी सांगतो, शोधनिबंध वाचताना आलेखाच्या आधी द्रव किती आणि लिथियम किती हे दोन आकडे शोधा.

लेप लावलेल्या बॅटरीला आग लागणारच नाही का?

लागू शकते. लेप आगीचं एक कारण, आतलं शॉर्ट सर्किट, कमी करतो. बाकीची कारणं तशीच राहतात : चार्जर चुकीचा, अपघातात सेल चेपला, कारखान्यात धातूचा कण आत राहिला. एकदा तापमान चढू लागलं की साखळी सुरू होते. शंभर अंशांच्या आसपास, कधी त्याआधीच, ॲनोडवरची साय विघटित होऊ लागते. १३० अंशांच्या सुमारास पॉलिएथिलिनचा सेपरेटर वितळतो. १८०.५ अंशांना खुद्द लिथियम वितळतं. ग्राफीन उष्णता पसरवतं, त्यामुळे एकाच ठिकाणी चटका बसण्याचा धोका घटतो. पण भोवतीचा द्रव ज्वलनशील असेल तर ग्राफीन त्याला विझवत नाही, आणि ग्राफीन स्वतः शेवटी कार्बनच आहे.

दुकानात ‘ग्राफीन बॅटरी’ लिहिलेली स्कूटर स्वस्तात मिळते. ती हीच का?

बहुतांशी नाही. कमी वेगाच्या स्कूटर आणि ई-रिक्षांत या नावाने येते ती प्रामुख्याने शिसे-आम्ल बॅटरीच, तिच्या पट्ट्यांत थोडं ग्राफीन किंवा तसला कार्बन मिसळलेला. त्याने शिसे-आम्ल बॅटरीचं आयुष्य थोडं सुधारू शकतं, आणि कमी अंतरासाठी ती बॅटरी वाईट नाही. पण लिथियम धातूच्या संशोधनाशी तिचा संबंध नाही. म्हार्दोळच्या कार्यक्रमानंतर एका मावशींनी पावती आणून दाखवली. ‘ग्राफीन’ मोठ्या अक्षरांत, आणि खाली बारीक अक्षरांत शिसे-आम्ल. मुलाच्या कॉलेजसाठी घेतलेली गाडी. त्यांचा उतरलेला चेहरा मला अजून दिसतो.

खरेदीच्या आधी विचारा : आतलं रसायन कोणतं? वॉरंटी किती वर्षांची, आणि क्षमता किती टक्क्यांखाली गेली तर बदलून देणार? गाडी एआयएस १५६ या बॅटरी-सुरक्षेच्या मानकात बसते का? २०२२ च्या उन्हाळ्यात देशात स्कूटर पेटण्याच्या घटना घडल्यानंतर हे मानक कडक झालं आणि डिसेंबर २०२२ व मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झालं. विक्रेत्याला उत्तर येत नसेल तर छापील माहितीपत्रक मागा.

आपली दमट, खारी हवा याला मानवेल का?

तयार, बंद सेलला हवेचा थेट संपर्क नसतो, त्यामुळे वापरणाऱ्याने घाबरू नये. खारी हवा खाते ती बाहेरची जोडणी, टर्मिनल आणि चार्जरचं सॉकेट. होडीवर किंवा किनाऱ्यालगत बॅटरी वापरत असाल तर ती कोरड्या फडक्याने नियमित पुसा. हिरवट पूड दिसली की दुर्लक्ष करू नका.

कारखान्याचं मात्र वेगळं. आषाढात आमच्याकडे कपाटातल्या चपलांवर बुरशी येते, आणि लिथियम धातू हाताळायच्या खोलीतली हवा अशी कोरडी लागते की उणे ४० अंशांपर्यंत थंड केली तरी तिच्यातून दव पडू नये. वर्षभर तशी खोली राखायला वीज आणि पैसा दोन्ही भरपूर लागतात. जस्ताला यातलं काही लागत नाही. जस्ताकडे माझा कल का, याचं हेही एक कारण.

ग्राफीन महाग असतं ना?

कोणतं, त्यावर आहे. तांब्याच्या पत्र्यावर सुमारे हजार अंशांना मिथेन वायूतून वाढवलेलं एकथरी ग्राफीन महागच. पण लेपासाठी तेवढं शुद्ध लागत नाही. ग्राफाइटवर तीव्र आम्ल आणि पोटॅशियम परमँगनेटची प्रक्रिया करून ग्राफीन ऑक्साइड करण्याची हमर्स यांची पद्धत १९५८ पासून आहे. ती स्वस्त आहे, पण तिच्यातून आम्लाचं आणि मँगनीजचं सांडपाणी निघतं. असा कारखाना नदीकाठी आला तर ते पाणी कुठे जाणार हा प्रश्न मी पहिल्याच दिवशी विचारीन. खाणींच्या मातीने गढूळलेले ओहोळ आपण पाहिलेले आहेत. राइस विद्यापीठात जेम्स टूर यांच्या गटाने २०२० मध्ये कार्बनयुक्त कचऱ्याला विजेचा क्षणिक झटका देऊन ग्राफीन करून दाखवलं. त्यात आम्ल लागत नाही. मला ती वाट जास्त आश्वासक वाटते.

मुलाला यात शिकायचं आहे. गोव्यात राहून जमेल?

पाया इथेच घालता येतो. फर्मागुडीला आयआयटी गोवा, झुआरीनगरला बिट्स पिलानीचा गोवा परिसर, ताळगावच्या पठारावर गोवा विद्यापीठ, कुंकळ्ळीला एनआयटी. रसायन, भौतिक किंवा पदार्थविज्ञान यांतलं कोणतंही दार चालेल. पुढे विद्युतरसायनशास्त्रात खोल जायचं तर तमिळनाडूत कारैकुडीला १९४८ मध्ये पायाभरणी झालेली केंद्रीय विद्युतरसायन संशोधन संस्था आहे, आणि केरळात ग्राफीनसाठी खास नवोपक्रम केंद्र आहे. मुलगा बारावीत असेल तर त्याला आत्ताच एक करायला सांगा : विद्युत विलेपनाचा प्रयोग पुस्तकात न वाचता हाताने करायचा. नाण्यावर तांबं चढवताना प्रवाह वाढवला की थर खरखरीत, काळपट आणि दाणेदार होतो. डेंड्राइटची गोष्ट तिथूनच सुरू होते, आणि मोरचुदाच्या (कॉपर सल्फेटच्या) द्रावणात ती नुसत्या डोळ्यांनी दिसते.

ग्राफीन घरी बनवता येतं का?

पेन्सिलीचं शिसं आणि चिकटपट्टी घेऊन थर सोलता येतात, आणि तो खेळ मुलांनी जरूर खेळावा. जुनी बॅटरी फोडून आतलं ग्राफाइट काढणं मात्र कधीही, कोणत्याही कारणाने करू नये.

घरी जुनी, फुगलेली बॅटरी आहे. तिचं काय करू?

गेल्या चतुर्थीच्या साफसफाईत आमच्याच घरी माळ्यावर एक जुना मोबाईल सापडला, पाठ पावासारखी फुगलेली. माझा पुतण्या ती बोटाने दाबून बघत होता. मी ओरडलो तेव्हा त्याला कारण कळलं नाही, नंतर बसवून समजावलं : आत वायू साठला आहे, सेपरेटर ताणलेला आहे, दाबलं तर दोन्ही बाजू भिडतील.

फुगलेली बॅटरी चार्ज करू नका, दाबू नका, टोचू नका. घराबाहेर, उन्हात येणार नाही अशा जागी, मातीच्या किंवा धातूच्या उघड्या भांड्यात कोरड्या वाळूवर ठेवा. घरच्या ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नका, तिथल्या कामगाराच्या हातात ती पेटू शकते. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून पुनर्चक्रणाला देण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे. त्यामुळे कंपनीच्या सेवा केंद्रात किंवा अधिकृत ई-कचरा संकलनात द्या, आणि दिल्याची पोच मागा. मोबाईलच्या बॅटरीतून धूर येऊ लागलाच तर आधी माणसं बाहेर काढा आणि १०१ ला फोन करा. तिच्यात लिथियम धातूचा पत्रा नसतो, त्यामुळे लांबून भरपूर पाणी ओतून ती थंड करणं योग्य. उद्या लिथियम धातूच्या बॅटऱ्या घरोघरी आल्या तर पाण्याचा हा सल्ला बदलावा लागेल, आणि त्या दिवशी हे उत्तर मी नव्याने लिहीन.